प्रॉम्प्टरमुळे पडलेली तारीख

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला होती, त्यामुळे सकाळच्या उन्हाचा आणि तिचा वास्तविक काही संबंध नव्हता. तरीही ऊन येई. आमच्या छपरावरून ते गल्लीपलीकडे उडी घेई आणि समोरच्या यंत्रमाग कारखान्याच्या पत्र्याच्या भिंतीवर पडे. तो पत्रा जुना, जागोजागी पोचे आलेला. त्याच्यावर ऊन थोडा वेळ रेंगाळे, गंजाचा किंचित रंग घेई आणि मग, जणू काही विसरले म्हणून मागे वळावे तसे, आमच्या खिडकीच्या गजांतून आत येई. आत आल्यावर पहिल्यांदा ते मांडणीतल्या स्टीलच्या ताटांवर थबके. ताटांवरून छतावर जाई. छतावर त्याची चार-पाच थरथरती वर्तुळे उमटत, आणि समोर माग सुरू झाले की त्या खटखटीने तीही हलू लागत. अखेर छतावरून, आपले सगळे तेज वाटेत वाटून टाकल्यावर, ते ओट्यावर उतरे. चहाच्या पातेल्याशी उभ्या राहिलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जो उजेड पडे, तो असा तीन ठिकाणी पाहुणचार घेऊन आलेला असे. त्याला सावली नसे. त्याला सुंदर म्हणावे असेही काही नव्हते. तो फक्त सकाळ झाल्याचे सांगे.

त्या दिवशी मी हे सारे पहिल्यांदाच नीट पाहिले. चहा उतू गेला. खाली टेम्पोचा हॉर्न वाजला आणि पाठोपाठ अण्णांचा आवाज सगळ्या गल्लीने ऐकला.

"ए सन्मती! घटस्फोट तुझा, आणि उशीर आमाला व्हय? उतर की खाली!"

समोरच्या कारखान्यातले दोन कामगार दारात येऊन उभे राहिले. मी चष्मा पुसला, पायांत चपला सरकवल्या आणि मान खाली घालून जिना उतरलो.

अण्णा हावळ हे आमच्या नाट्यमंडळाचे दिग्दर्शक. व्यवसायाने टेम्पोमालक; इचलकरंजीतले कापडाचे तागे मुंबईला पोहोचवण्यात त्यांची हयात गेली होती, पण नाटकाचा विषय निघाला की ते गिऱ्हाईकालाही ताटकळत ठेवत. मी दिवसा एका प्रोसेस हाउसमध्ये कापडाच्या रंगछटा जुळवण्याचे काम करीत असे आणि संध्याकाळी त्यांच्या नाटकांची प्रकाशयोजना. दोन्ही कामांत बोलावे लागत नाही, फक्त पाहावे लागते. म्हणून दोन्ही मला मानवली होती. ऋजुता मंडळाची नायिका होती. तिला प्रकाश देता देता माझे तिच्याशी लग्न झाले होते, आणि दीड वर्षापूर्वी ती गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिच्या दादाकडे राहायला गेली होती. आम्ही भांडलो नव्हतो. जाताना ती एवढेच म्हणाली होती, "सन्मती, तू घरातसुद्धा लाइटच्या बूथमध्येच बसलेला असतोस. मी बोलते, मी हसते, मी रडते, आणि तू काचेमागून बघतोस. दिवा कमीजास्त करतोस, बस." मी यावर काय बोलावे याचा विचार करीत होतो, तेवढ्यात रिक्षा आली.

टेम्पोच्या मागच्या भागात आमच्या नव्या नाटकाचे नेपथ्य रचलेले होते: लाकडी ओटा, खोटी खिडकी, एक दार. कोर्टातून थेट नाट्यगृहावर, रंगीत तालमीला जायचे होते. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी तोंडावर आली होती. त्या खोट्या ओट्यावर तारळेकर गुरुजी छत्री मांडीवर घेऊन बसले होते. ते निवृत्त प्राथमिक शिक्षक आणि आमचे प्रॉम्प्टर. त्यांच्या शेजारी काळ्या कोटात कुडचे वकील. कुडचे आमच्या अर्जाचे काम पाहत होते आणि नाटकात ऋजुताच्या सासऱ्याची भूमिका करीत होते. त्यामुळे तालमीत ते तिला "सूनबाई" म्हणत आणि कोर्टात "अर्जदार क्रमांक दोन".

ऋजुता पुढे, अण्णांच्या शेजारी बसली होती. तिने खिडकीतून मान बाहेर काढली.

"शर्टाचं वरचं बटण लाव," ती मला म्हणाली. "जजबाई कडक आहेत म्हणे."

मी बटण लावले.

घटस्फोटाला किती वेळ लागतो, हे आमच्या मंडळातल्या प्रत्येकाला तोंडपाठ झाले होते, आणि त्याचे कारण अण्णा. ऋजुता बँकेत अधिकारी होती. तिला बढती मिळाली होती आणि बदली नाशिकला झाली होती. कोर्टात प्रत्येक तारखेला दोघांना हजर राहावे लागते, म्हणून निकाल लागेपर्यंत तिने ती पुढे ढकलून घेतली होती. हुकूमनामा हातात पडला की ती जाणार होती. अण्णांच्या दृष्टीने कायद्याचा एवढाच अर्थ होता. अर्ज दाखल करण्याआधी, मे महिन्यात, तालमीच्या हॉलवर त्यांनी कुडच्यांना गाठले होते.

"वकीलसाहेब, ह्याला किती दिवस लागत्यात?"

"दोघं राजी असतील तर काही नाही हो अण्णा. वर्षभर वेगळं राहिलेलं पाहिजे, ते झालं. दोघांच्या सहीनं एकच अर्ज टाकायचा. मग कायदा म्हणतो, सहा महिने घरी जावा, विचार करा. पुन्हा येऊन सांगायचं की विचार केला, तरी पाहिजेच. झालं."

"आणि राजी नसतील तर?"

"मग काय विचारता! नोटीस लागत नाही, साक्षीदाराला कावीळ होते, जजसाहेबांची बदली होते, नवे साहेब पहिल्यापासून ऐकतात. उन्हाळ्याची सुट्टी, दिवाळीची सुट्टी, आमचे लोक मधूनच बहिष्कार टाकतात. पोटगी, पोरं, घर, दागिने, एकेकाला एकेक वर्ष धरा. माझा एक पक्षकार आहे, लग्न टिकलं दोन वर्षं आणि घटस्फोट चाललाय अकरावं वर्ष. आता ती दोघं तारखेला एकत्रच येतात, एकाच मोटरसायकलवर."

अण्णांचे डोळे चमकले. ते आमच्याकडे वळले.

"मग तुमी दोघं थोडी नाराजी दाखवा की! जास्त नको. स्पर्धा हुईपतोर."

"अण्णा!" ऋजुता ओरडली. "माझी बढती गेली तर पगार तुम्ही देणार?"

"उलट ते सहा महिनेसुद्धा वाचू शकतात," कुडचे माझ्याकडे पाहून म्हणाले. "आता काही उरलेलं नाही असं कोर्टाला पटलं, तर ते माफ करतं. तसा वेगळा अर्ज देऊ या का? सन्मती, तू बोल."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मला लोकांनी माझ्याकडे पाहिलेले आवडत नाही.

"नको," मी म्हणालो. "नियमानंच होऊ दे. मला नियम मोडलेले आवडत नाहीत."

"हा असला," अण्णा खूश होऊन म्हणाले. "कायद्याचा माणूस!"

ऋजुताने माझ्याकडे जरा निरखून पाहिले आणि मग आपली संहिता उघडली.

तारखेच्या आदल्या आठवड्यात कुडच्यांनी माझा जबाब घोटून घेण्याचे ठरवले, कारण माझा आवाज मलाही ऐकू येत नाही अशी त्यांची तक्रार होती. हॉलच्या मधोमध एक खुर्ची ठेवून ते तीवर न्यायाधीश म्हणून बसले.

"हा अर्ज तुम्ही स्वेच्छेने, कोणाच्याही दबावाशिवाय केला आहे काय?"

"हो, स्वेच्छेने," मी म्हणालो.

अण्णांना ते पाहवले नाही. "आरं, काय स्वेच्छेनं? बायकोला सोडाय निघालाईस का दूध आणाय? पोटातनं काढ! 'हो', इथं थांब. श्वास घे. मग 'स्वेच्छेने'. शेवटच्या रांगंला गेलं पाहिजे."

"कोर्टात शेवटची रांग नसते अण्णा," कुडचे म्हणाले.

"असती. बाकावर बसत्यात न्हवं लोकं?"

मी पुन्हा म्हणालो. पुन्हा म्हणालो. ऋजुता भिंतीला टेकून हसत होती, हसता हसता तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "लग्नात अंतरपाटामागं उभा होता तेव्हासुद्धा ह्याचं तोंड उघडत नव्हतं." कोपऱ्यात गुरुजी डोळे मिटून बसले होते. त्यांची एक ख्याती होती: कोणतेही वाक्य दोनदा कानावर पडले की ते त्यांना कायमचे पाठ होई. आणि एक खोड होती: रंगमंचावरची शांतता त्यांना सहन होत नसे. नट जाणूनबुजून थांबला आहे की विसरला आहे, हा विचार करण्याइतका धीर त्यांच्यात नव्हता. चाळीस वर्षे मुलांना पाढे म्हणायला लावल्याचा तो परिणाम असावा. कोणी थांबला, की विंगेतून त्यांची कुजबुज निघालीच.

टेम्पो कोर्टाच्या आवारात शिरला, तेव्हा पहारेकऱ्याने मागचे दार, खिडकी आणि ओटा पाहून विचारले, "जप्तीचा माल का?"

"संसार हाय," अण्णा म्हणाले. "मोडाय आणलाय."

पुकारा व्हायला बराच वेळ होता. आम्ही व्हरांड्यात उभे होतो. अण्णा ऋजुताला तिसऱ्या अंकाबद्दल सांगत होते. नाटकातली ती बाई नवरा गेल्यानंतरच्या पहिल्या सकाळी उठते, सवयीने दोघांचा चहा टाकते, दोन कपांत ओतते आणि दुसऱ्या कपाशी थांबते. संवाद नाही. पण माझी सकाळ तिथे सारखी फसत होती. मी दिव्यापुढे पिवळा जिलेटिन कागद लावून पाहिला, फिकट गुलाबी लावून पाहिला.

"काल कशी वाटली सकाळ?" मी अण्णांना विचारले.

"सकाळ? आरं, ते देवीच्या आरतीचं वाटतंय. बाई चहा कराय आलीया का दर्शन द्याय?"

ऋजुता म्हणाली, "तू मला फार छान दाखवतोस रे. सकाळी कोण एवढं छान दिसतं? तू तर पाहिलंयस मला सकाळी."

एवढ्यात शिपायाने आमची नावे पुकारली.

आत गर्दी नव्हती. न्यायाधीश मॅडम उंच, सावळ्या आणि शांत होत्या. त्यांच्या मागच्या झरोक्यातून एक उन्हाची पट्टी टेबलावरच्या कागदांपर्यंत आली होती. आम्ही दोघे समोर उभे राहिलो. अण्णा आणि गुरुजी मागच्या बाकावर बसले. कुडच्यांनी अर्ज वाचला, सहा महिने पूर्ण झाल्याचे सांगितले. मॅडमनी चष्म्यावरून आधी ऋजुताकडे पाहिले.

"हा अर्ज तुम्ही स्वेच्छेने, कोणाच्याही दबावाशिवाय केला आहे का?"

"हो. स्वेच्छेनं," ऋजुता म्हणाली. स्वच्छ, स्पष्ट, शेवटच्या रांगेला जाईल असे.

"आणि तुम्ही?"

मी तोंड उघडले.

पंखा फिरत होता. टंकलेखकाची बोटे कळफलकावर तयार होऊन थांबली होती. उन्हाच्या पट्टीत धूळ वर जात होती आणि खाली येत होती, कुठलीच घाई नसल्यासारखी. मला वाटले, ही पट्टी सरळ येते आहे, म्हणून ती एवढी कठोर दिसते. एखाद्या गोष्टीवर आपटून आली असती तर मऊ झाली असती. मॅडम वाट पाहत होत्या. ऋजुताने मान वळवली आणि ती माझ्याकडे पाहू लागली. तिच्या चेहऱ्यावर काय होते ते मला नीट दिसले नाही, कारण त्याच क्षणी मागून, अत्यंत सफाईदार, सरावलेली, प्रेक्षकांना ऐकू जाऊ नये अशा बेताची कुजबुज आली:

"हो... श्वास... स्वेच्छेने."

कोर्टाला विंग नसते. ती कुजबुज सगळ्यांना ऐकू गेली.

"कोण बोललं ते?" मॅडमनी विचारले.

अण्णा छताकडे पाहू लागले. कुडच्यांनी डोळे मिटले. गुरुजी उभे राहिले, छत्री काखेत धरून, हात जोडून.

"मी बोललो मॅडम. प्रॉम्प्टर."

"कशाचे?"

"नाटकाचे. राज्य नाट्य."

"आणि इथं काय चाललं आहे असं तुम्हाला वाटलं?"

"नाही, म्हणजे... ते थांबले. म्हणून सवयीनं..."

"त्यांचं वाक्य तुम्हाला कसं माहीत?"

गुरुजी प्रामाणिक माणूस. "तालमी झाल्यात ना मॅडम," ते म्हणाले.

टंकलेखकाने खाली वाकून, काहीतरी पडल्यासारखे, शोधायला सुरुवात केली. मॅडमच्या ओठांचा कोपरा एकदा हलला, पण आवाज हलला नाही.

"वकीलसाहेब, संमती ही मागून सांगून घ्यायची गोष्ट नाही. यांचा जबाब मी आज नोंदवून घेणार नाही. दोघांनी समुपदेशकांकडं जायचं. पुढची तारीख जानेवारीत." मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही. पुढच्या वेळी वेळ लागला तरी चालेल. पण स्वतःचं वाक्य स्वतः बोला."

बाहेर आल्यावर कुडचे व्हरांड्याच्या पायरीवरच बसले.

"वीस वर्षं झाली मला," ते म्हणाले. "साक्षीदार फुटला म्हणून तारीख पडलेली बघितली. फाइल हरवली म्हणून पडलेली बघितली. एकदा कोर्टात माकड शिरलं म्हणून पडली. पण प्रॉम्प्टर?"

"माझं चुकलं," गुरुजी पुटपुटले. "मी दोन्ही कान धरतो, सूनबाई... ऋजुताबाई."

अण्णांना मात्र आनंद लपवता येईना. त्यांनी गुरुजींना मिठीच मारली. "गुरुजी, तुमी मंडळ वाचीवलं! जानेवारी! चला, मिसळ माझ्याकडनं. वकीलसाहेब, तुमी दोन खावा."

मिसळीच्या गाड्याजवळ ऋजुता माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिला राग आला असेल असे मला वाटले होते. ती पावाचा तुकडा तर्रीत बुडवत होती.

"का थांबलास?" तिने विचारले.

"घसा कोरडा पडला."

"एवढंच?"

"पंख्याचं वारं लागत होतं. आणि सगळे बघत होते."

"हं," ती म्हणाली. मग आपल्या ताटलीतली शेव माझ्या ताटलीत टाकून ती अण्णांकडे गेली. तिला शेव आवडत नसे आणि मला आवडे; वेगळे राहून दीड वर्ष झाले तरी तिच्या हाताला ते कोणी सांगितले नव्हते.

संध्याकाळच्या तालमीला मी घरी जाऊन स्टीलची सहा ताटे घेऊन आलो. तिसऱ्या अंकाच्या वेळी स्पॉट ऋजुतावरून काढला आणि विंगेत दोरीने टांगलेल्या ताटांवर सोडला. ताटांवरून तो वर ताणलेल्या पांढऱ्या कापडावर गेला, आणि कापडावरून, पुष्कळसा दमून, खोट्या ओट्यावर उतरला. ताटे किंचित हलत होती. कापडावर चार-पाच वर्तुळे थरथरत होती.

अण्णा अंधारात, प्रेक्षागृहात बसले होते. ते खुर्चीतून उठून रंगमंचाजवळ आले. मग म्हणाले, "झाली सकाळ."

ऋजुता विंगेत आली. तिने एक ताट हातात धरून उलटे केले. त्याच्या काठावर अक्षरे कोरलेली होती, आमच्याकडे लग्नात भांड्यांवर कोरतात तशी: दोघांची नावे, शुभविवाहाची तारीख आणि तिच्या मामांचे नाव.

"ही आपली ताटं," ती म्हणाली. "वाटणीत माझ्याकडं आलीयत ना ही?"

"उद्या आणून देतो."

"आणि मग सकाळ कशी करशील?" तिने ताट सोडले. ते गिरक्या घेऊ लागले आणि सगळा रंगमंच क्षणभर डुलला. "राहू देत."

समुपदेशक बाई फार प्रेमळ होत्या. त्यांनी आम्हाला शेजारी शेजारी बसवले आणि विचारले, "तुमच्यात भांडण कशावरून होतं?"

"होत नाही," मी म्हणालो.

"मग?"

"तेच, मॅडम," ऋजुता म्हणाली.

बाईंनी लिहायला घेतलेले पेन तसेच ठेवले.

स्पर्धेचा प्रयोग झाला. तिसऱ्या अंकात ऋजुता दुसऱ्या कपाशी थांबली आणि थांबतच राहिली. तालमीत कधी थांबली नव्हती इतकी. त्या शांततेत बाहेरच्या रस्त्यावरचे वाहन ऐकू आले. विंगेत गुरुजींनी उपरण्याचा बोळा तोंडात धरला होता आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. ते कलेमुळे की संयमामुळे, हे त्यांनाही सांगता आले नसते. मी बूथमध्ये, काचेमागे, डिमरवर बोट ठेवून उभा होतो. तिने दुसऱ्या कपातला चहा पुन्हा पातेल्यात ओतला, तेव्हा मी बोट हलवायचे विसरलो. प्रकाश कमी व्हायचा होता, तो झाला नाही. लोकांना वाटले तसेच बसवले आहे. टाळ्या पडल्या.

निकालाच्या दिवशी सगळे अण्णांच्या टेम्पोच्या अड्ड्यावर जमले होते. कुडच्यांनी मोबाइलवर वाचून दाखवले: प्रकाशयोजना, प्रथम, सन्मती मगदूम. अभिनयाचे रौप्यपदक, ऋजुता. एकच ओरडा झाला. कोणीतरी माझ्या पाठीत गुद्दा घातला. मी विचारले, "आणि नाटक?"

"नाटक तिसरं," कुडचे म्हणाले. "अंतिम फेरीला जात नाही आपण."

"आरं, जाऊ दे की!" अण्णा म्हणाले. "पहिल्यांदा नंबरात आलोय." मग माझा चेहरा पाहून त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला आणि मोठ्याने हसून म्हणाले, "अंतिमला गेलो असतो, तर तुझा संसार मार्चपतोर वाचला असता, लेका! आता काय, करा मोकळं."

सगळे हसले. मीही हसलो. पेढा घेतला. पहिले बक्षीस मिळूनही हा असा का उभा आहे, असे कोणीतरी विचारले, तर गुरुजी म्हणाले, "कलावंताला नाटक हरल्याचं दुःख असतं." मला ते कारण चांगले वाटले. मी तेच ठेवले.

जानेवारीतल्या तारखेला टेम्पो नव्हता. अण्णा मुंबईला माल घेऊन गेले होते आणि गुरुजींना कुडच्यांनी कोर्टाच्या आवारात पाऊल टाकायला बंदी केली होती. ऋजुता दादाच्या स्कूटरवरून आली. व्हरांड्यात आम्ही दोघेच उभे होतो. थंडी होती. तिने दोन्ही हात शालीत घेतले होते.

"नाशिकला जागा बघितली," ती म्हणाली. "खिडकी पूर्वेला आहे. ऊन अगदी सरळ तोंडावर येतं."

"पडदा लाव. जाड."

"लावीन." तिने शाल घट्ट ओढून घेतली. "सन्मती, आज गुरुजी नाहीत."

"हो."

"म्हणजे आज तू थांबलास, तर मधे कोणी बोलणार नाही. जजबाई पण म्हणाल्या होत्या, वेळ लागला तरी चालेल." ती माझ्याकडे न पाहता आवारातल्या उन्हाकडे पाहत होती. "मला पण चालेल. मी आज सुट्टी काढलीय. पूर्ण दिवसाची."

मी चष्मा काढून पुसला. शिपायाने नावे पुकारली.

मॅडमनी आम्हाला ओळखले. त्यांनी मागच्या बाकांवर एक नजर टाकली, बाक रिकामे आहेत याची खात्री केली आणि या वेळी आधी माझ्याकडे वळल्या.

"हा अर्ज तुम्ही स्वेच्छेने, कोणाच्याही..."

"हो, स्वेच्छेने," मी म्हणालो.

आवाज पोटातून आला. शेवटच्या रांगेपर्यंत गेला. 'हो'नंतर श्वास घ्यायचा तेवढा राहिला.

"प्रश्न तर पुरा होऊ द्या," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी प्रश्न पुरा केला. मी उत्तर पुन्हा दिले. ऋजुता आपल्या पायांकडे पाहत होती. तिची पाळी आली तेव्हा ती एवढ्या हळू बोलली की मॅडमना म्हणावे लागले, "जरा मोठ्यानं."

हुकूमनामा झाला. कुडच्यांनी बाहेर येऊन माझा हात दाबला. "कसलं बोललास! अण्णा पाहिजे होते ऐकायला." ऋजुताने त्यांना वाकून नमस्कार केला, तेव्हा सवयीने त्यांच्या तोंडून "अखंड..." एवढे निघाले आणि ते गप्प झाले. मग ती माझ्यासमोर आली.

"ताटं तुझ्याकडंच ठेव," ती म्हणाली. "उगाच सकाळ मोडू नको."

पूर्ण दिवसाची सुट्टी काढली होती, तरी ती बाराच्या आत गेली.

याला आता पुष्कळ दिवस झाले. कुडचे अजून नव्या माणसाला ती हकिगत रंगवून सांगतात, गुरुजींच्या आवाजासकट: घटस्फोट कशाकशाने लांबतो याच्या त्यांच्या यादीत माकड दुसऱ्या क्रमांकावर गेले आहे. मग सगळे मला विचारतात, तू त्या दिवशी थांबलास कशाला, आणि मी सांगतो, घसा कोरडा पडला होता. इतक्या वेळा सांगितले आहे की, गुरुजींना दोनदा ऐकून होते तसे, ते मलाही पाठ झाले आहे.

आज सकाळी ऊन गल्लीपलीकडे उडी घेऊन पत्र्यावर पडले, तिथून आत आले, ताटांवर थबकले, छतावर गेले. माग सुरू झाले. वर्तुळे हलू लागली. मी चहा गाळत होतो आणि ओट्यावर माझ्यासमोर दोन कप होते.

त्या दिवशी माझा घसा कोरडा पडला नव्हता. मला घटस्फोट नको होता.